उरणच्या भट्ट्या आणि मोजमापाचे राज्य

मुंबई बंदराच्या पलीकडे, करंजा बेटावर वसलेले उरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टींसाठी ओळखले जाई: मीठ आणि दारू. मिठागरांची आठवण अजून टिकून आहे, कारण त्यांतली काही अगदी अलीकडेपर्यंत पिकत होती. दारूच्या भट्ट्यांची आठवण मात्र गॅझेटियरच्या पानांपुरतीच उरली आहे. मोहाच्या फुलांची दारू इथे मोठ्या प्रमाणावर गाळली जाई, भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी होते, आणि माल मोऱ्याच्या बंदरातून होड्यांनी मुंबईला जाई. आज रायगड जिल्ह्यात असलेले उरण त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे, म्हणून १८८२ सालच्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन सापडते. आपल्याकडे दारूचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा व्यसन आणि व्यसनमुक्तीचा इतिहास म्हणून. रायगडच्या किनाऱ्यापुरती ती चौकट अपुरी पडते. इथे कोणती दारू टिकली, कोणती संपली आणि कोणती गुन्हा ठरली, हे लोकांच्या चवीने किंवा नीतीने ठरले नाही. सरकारला जी दारू मोजता आली तिला त्याने जवळ केले; जी मोजता येईना, तिच्यामागे शिपाई लावले. हे विधान पुराव्यावर तपासून पाहता येते, आणि त्यावर जे आक्षेप येऊ शकतात तेही गंभीर आहेत.

इंग्रजांच्या आधी या किनाऱ्यावर दारूबंदी नव्हती असे मुळीच नाही. पेशव्यांनी दारू गाळण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली होती. पण न्यायमूर्ती रानडे यांनी पेशवे दप्तरातील नोंदींच्या आधारे दाखवून दिले आहे की, पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या साष्टी, वसई, चौल या मुलखात भंडारी, कोळी अशा जातींना या बंदीतून सवलत मिळाली होती. चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले ते १७४० मध्ये. पुण्यात एक धोरण आणि चौलला दुसरे, यात विसंगती वाटेल. पण त्यामागे एक साधी समज होती. अलिबाग-रेवदंड्याकडच्या अष्टागराच्या वाड्यांमध्ये माडी हे माडाचेच एक उत्पन्न होते. नारळ, काथ्या, झावळ्या आणि माडी ही सगळी एकाच झाडाची मिळकत. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा इथला बागायतदार काही माड नारळासाठी राखी आणि काही भंडाऱ्याला छेदायला देई. भंडारी सकाळ-संध्याकाळ माडावर चढे, न उमललेली पोय बांधून तिचे टोक रोज थोडे थोडे तासत जाई आणि खाली बांधलेल्या भांड्यात झिरपलेला रस उतरवी. पहाटेचा रस गोड, दुपारपर्यंत तो फसफसू लागे, दुसऱ्या दिवशी आंबट. काही माडी ताजी विकली जाई आणि काही घरच्या लहान भट्टीवर गाळली जाई. यात कोठी नव्हती, कारखाना नव्हता, साठाही नव्हता. कर घेतला जाई तो झाडावर किंवा गावाच्या मक्त्यावर. किती शेर माडी निघाली, हे विचारण्याची कोणाला गरज पडली नव्हती.

उरणची गोष्ट इथेच वेगळी पडते. करंजा बेट साष्टीबरोबर इंग्रजांच्या हाती गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा पक्का झाला. दक्षिणेकडचे अलिबाग मात्र आंग्र्यांकडे होते. ते संस्थान वारस नसल्याचे कारण दाखवून १८४० मध्ये खालसा करण्यात आले. म्हणजे आज जो एकसलग रायगडचा किनारा दिसतो, त्यावर अर्धशतकाहून अधिक काळ दोन राज्यांचे दोन कायदे चालत होते, आणि मुरूडकडे सिद्दींचे जंजिरा संस्थान हे तिसरे. उरण इंग्रजी हद्दीत, मुंबईच्या समोर, आणि चहूबाजूंनी पाणी व खाजण. मोहाचे झाड मुख्यतः डोंगरातले; त्याची फुले गुजरातेतून आणि मध्य प्रांतातून सुकवलेली येत. ती काही दिवस पाण्यात भिजत घालून आंबवायची, मग तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात उकळून वाफ नळीवाटे थंड भांड्यात उतरवायची, ही झाली सर्वसाधारण रीत. एकदा गाळलेली सौम्य, तीच पुन्हा गाळली की कडक. सुकी फुले पोत्यात भरून महिनोन्‌महिने ठेवता येतात, त्यामुळे भट्टी वर्षभर चालू राहते. गाळलेली दारू पिंपात भरून बोटीने नेता येते. माडीला यातले काहीच जमत नाही. आणि ज्या शहरासाठी हा माल तयार होई, तिथे गिरण्या, गोद्या आणि रेल्वेच्या कामासाठी दरवर्षी हजारो माणसे येऊन मिळत होती.

बेटाची भौगोलिक रचना महसुलाच्या दृष्टीने किती सोयीची, हे मुंबई सरकारच्या खात्यांची रचना पाहिली की कळते. जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही सगळी एकाच आयुक्ताच्या हाताखाली होती. उरणमध्ये मिठागरांवर पहारा करणारी यंत्रणा आधीच उभी होती; बंदरावर नाका होता; मालाला बाहेर पडायच्या वाटा मोजक्या होत्या. मिठाच्या कराची घडी बसवणारे चार्ल्स प्रिचर्ड हेच अबकारीच्या नव्या रचनेचेही कर्ते होते. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा त्या रचनेचा पाया. त्याआधी गावोगाव मक्ता देण्याची पद्धत होती: मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि आपल्या भागात दारू कशी गाळायची, कोणाला विकायची हे बरेचसे स्वतः ठरवायचे. नव्या व्यवस्थेत दारू भट्टीतून बाहेर पडतानाच तिच्या गॅलनांवर आणि कडकपणावर कर बसू लागला. त्यासाठी कडकपणा मोजणारे उपकरण हवे, कुलूपबंद कोठी हवी, हजर अधिकारी हवा. गावच्या मातीच्या भट्टीवर हे शक्य नव्हते. म्हणून लहान भट्ट्या बंद आणि उरणसारख्या मोजक्या ठिकाणी गाळप एकवटलेले, असे धोरण आले. जिल्ह्याला पुरवठा करण्याचा मक्ता बड्या भांडवलदाराकडे, आणि गावातला गुत्ता हे त्याचे शेवटचे टोक. उरणच्या भट्टीमालकांनी चांगली दारू केली म्हणून ते मोठे झाले असे म्हणायला फारसा आधार नाही. कायद्याला हवा होता तसा धंदा त्यांच्याकडे आधीच होता, हे त्यांचे खरे बळ.

आता माडीचे काय करायचे हा प्रश्न सरकारपुढे उरला. ती हजारो झाडांवर, हजारो हातांनी, रोज दोनदा उतरत होती. तिच्या गॅलनांचा हिशेब ठेवणे अशक्य. तेव्हा झाडच मोजायचे ठरले. छेदायच्या माडावर, ताडावर, शिंदीवर क्रमांक पडला, झाडागणिक परवाना आणि झाडागणिक कर आला. हा कर पुढच्या वर्षांत वाढत गेला आणि मुंबईच्या जवळपास तो अधिक होता. माडी स्वस्त राहिली तर करभरणा केलेली मोहाची दारू कोण घेणार, ही चिंता या वाढीमागे होती. इथे इंग्लंडशी तुलना केली पाहिजे, कारण हाच काळ तिथल्या मद्यकरातही मोठ्या फेरबदलाचा होता. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा जुना कर काढून बिअरवर कर बसवला: ठरावीक घनतेच्या छत्तीस गॅलनांच्या पिंपाला सहा शिलिंग तीन पेन्स. त्याच वेळी व्हिस्कीसारख्या गाळीव दारूवर प्रमाण कडकपणाच्या गॅलनला दहा शिलिंग कर होता. गणित मांडून पाहिले तर तेवढ्याच मद्यार्कासाठी बिअर पिणारा इंग्रज गाळीव दारू पिणाऱ्याच्या जेमतेम एक-पंचमांश कर भरत होता. सौम्य पेयाला सवलत, कडक पेयावर भार, हे तिथे जाणूनबुजून राखलेले धोरण होते. माडीत मद्यार्क असतो चार ते सहा टक्के, म्हणजे जवळजवळ इंग्रजी बिअरइतका. मुंबई इलाख्यात गुत्त्यावर मिळणाऱ्या देशी दारूच्या दोन प्रतींत तो सुमारे ४३ आणि सुमारे २३ टक्के होता. जे न्याय्य माप केंट किंवा सफकच्या मजुराला लावले, तेच अलिबागच्या कोळ्याला लावले असते तर माडीला संरक्षण मिळायला हवे होते. तिच्याकडे पाहिले गेले ते मोहाच्या दारूची प्रतिस्पर्धी म्हणून.

इंग्लंडमध्येही सगळे लहान मद्यनिर्माते टिकले असे नाही. १८३० च्या बिअर कायद्याने थोडी फी भरून कोणालाही बिअरचे दुकान उघडता येई. १८६९ मध्ये ती मोकळीक संपली, परवाने मर्यादित झाले, आणि मोठ्या ब्रुअरींनी एकेक दुकान विकत घेऊन आपल्याशी बांधून टाकायला सुरुवात केली. घरोघरी बिअर करणारे खानावळवाले त्यात हजारोंनी बुडाले. तरीही साऊथवोल्डसारख्या समुद्रकाठच्या लहान गावात १८७२ मध्ये ॲडनम्स बंधूंनी घेतलेली ब्रुअरी आजही त्याच गावात आहे, आणि फॅवरशॅमची शेफर्ड नीम तर सतराव्या शतकापर्यंत आपली मुळे सांगते. एकत्रीकरण तिथेही झाले, पण ते स्थानिक पेयाच्या आत झाले: बार्ली आसपासच्या शेतकऱ्याची, पेय तेच, मालक गावातले आणि गिऱ्हाईकही गावातले. कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावर एकत्रीकरण झाले ते स्थानिक पेय बाजूला सारून. फुले दूरच्या जंगलातली, भांडवल शहरातले, मक्ता जिल्ह्याबाहेरच्या कचेरीत ठरलेला. भंडाऱ्याचे कसब आणि बागायतदाराचे उत्पन्न या दोन्हींना त्या व्यवस्थेत जागा राहिली नाही.

यावर पहिला आक्षेप सरकारचाच आहे, आणि तो सरकारी कागदांत पुन्हा पुन्हा येतो: कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल हे आमचे ध्येय; कर वाढवला तो लोकांनी कमी प्यावे म्हणून. या युक्तिवादात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. महाग वस्तूचा खप घटतो हे खरे. पण लोकांनी स्वतःहून पिणे सोडले तेव्हा काय झाले, यावरून त्या ध्येयाची परीक्षा होते. १८८० च्या दशकात ठाणे आणि कुलाबा भागात, दारूचे भाव वाढल्यावर, कोळी-आगरी वस्त्यांमध्ये जातीच्या बैठका भरल्या आणि दारू न पिण्याच्या शपथा घेतल्या गेल्या. शपथ मोडणाऱ्याला दंड आणि बहिष्कार. ज्या सरकारला खप कमी हवा होता त्याने याचे स्वागत करायला हवे होते. अधिकाऱ्यांनी त्यात महसुलाविरुद्धचा कट पाहिला. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८ जुलै १८८० रोजी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून दारूच्या दुकानांच्या वाढत्या संख्येला हरकत घेतली होती. फुल्यांची भूमिका स्पष्टपणे दारूविरोधी होती, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांचा रोख परवाने देणाऱ्यांवर होता. दारूने गरिबांचे संसार मोडले हे मान्य करूनही प्रश्न उरतोच, की सौम्य आणि घरगुती पेयाच्या जागी चौपट-आठपट कडक पेय गावाच्या वेशीवर कोणी आणून ठेवले.

१८९२ चा मोहाच्या फुलांचा कायदा या तर्काचे पुढचे पाऊल. उरणच्या भट्टीत शिरणारी फुले मोजता येत होती, पण ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या डोंगरांत आपोआप गळणारी फुले कोण मोजणार? कर्जत, पेण, रोह्याकडच्या ठाकर-कातकऱ्यांच्या झोपडीत फुलांची टोपली असणे, आणि त्यातून एखादी हंडी गाळली जाणे, हा मुंबईच्या महसुलाला लागलेला गळका नळ आहे असे खात्याला वाटत होते. म्हणून फुले बाळगणे, विकणे, वाहून नेणे यांवरच निर्बंध आले, आणि ते या दोन जिल्ह्यांपासून सुरू झाले, याचे कारण उघड आहे: हे जिल्हे मुंबईच्या दाराशी होते. वास्तविक मोहाचे फूल हे अन्नही आहे. सुकवून, भाजून, शिजवून ते खाल्ले जाते. पावसाळ्याच्या तोंडाशी, कणगी रिकामी झाल्यावर, जंगलातल्या माणसाला त्याचाच आधार. बंदोबस्ताचा हेतू दारूचा, पण हात पडला तो शिध्यावर. त्याच डोंगरांत वनखातेही आपल्या हद्दी आखत होते. उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात जो गोळीबार झाला, त्याचे थेट कारण जंगल कायदा हे होते. पण मीठ, फूल, माड आणि लाकूड या चारही वस्तूंसाठी एकाच माणसाला चार दारांशी परवाना मागावा लागत होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या दिवशी जमलेल्या गर्दीचा रोष समजत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो अधिक वजनदार वाटतो. बिअर हॉप्समुळे टिकते, पिंपात भरून नेता येते, म्हणून इंग्लंडच्या गावांत ब्रुअरी उभ्या राहिल्या. माडी काही तासांत आंबते, तेव्हा ती हरणारच होती, कायदा कोणताही असता तरी. माडीच्या ताज्या रूपाला हे लागू पडते. गाळलेल्या माडीला ते लागू पडत नाही, आणि याचा पुरावा फार दूर नाही. गोव्यात माडाची आणि काजूची फेणी लहान लहान भट्ट्यांवर आजही गाळली जाते, आणि २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. हवा तीच, माड तोच, माड छेदणाऱ्या तिथल्या रेंदेराचे कसब आपल्या भंडाऱ्यासारखेच. फरक राज्यकर्त्यांच्या कायद्याचा. आणि या फरकाची एक चाचणी खुद्द इतिहासानेच घेऊन ठेवली आहे. १८७८ मध्येच इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहाने गोव्यातील मीठ आणि अबकारीला ब्रिटिश हिंदुस्थानची पद्धत लावण्याचे ठरले. गोव्यात त्याविरुद्ध मोठी नाराजी होती, आणि अंमलात आल्यापासून बारा वर्षे चाललेली ती व्यवस्था १८९२ मध्ये संपली. कुलाब्याला तशी सुटका मिळाली नाही.

उरण-मुंबईची ही यंत्रणा स्वराज्याच्या वाटेवर एका वेगळ्याच पेचात सापडली. १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी खाते प्रांतिक मंत्र्यांकडे आले, आणि त्यांच्याकडेच शिक्षणही होते. म्हणजे शाळांसाठी लागणारा पैसा गुत्त्यांतून यायचा. दारूबंदी मागणाऱ्या लोकप्रतिनिधीला शाळा बंद करण्याची भीती दाखवता येई. गांधीजींनी या जोडणीवर कठोर टीका केली, ती योग्यच होती. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाल्यावर डॉ. गिल्डर यांच्याकडे हे खाते आले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी सुरू झाली. बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या मिळकतींवर दहा टक्के कर बसला. ते मंत्रिमंडळ गेल्यावर ती बंदी ढिली पडली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी झाली. दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांची तळमळ खरी होती, यात शंका घेऊ नये. पण त्यांनी वारशात आलेली यंत्रणा तशीच वापरली. नव्या कायद्यात मोहाच्या फुलांवरचे नियंत्रण कायम राहिले, माड-ताड छेदायला परवानगी लागणे कायम राहिले. परवाना देणारा हात तेवढा आखडला. परिणाम असा की खाडीकाठच्या तिवरांत हातभट्टी पेटली, आणि तिच्यात मोहाऐवजी काळा गूळ आणि नवसागर पडू लागला. माडीची चव बिघडली तर भंडाऱ्याला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळत नसे. हातभट्टीवाल्याला नावच नसल्यामुळे त्याला कोणाला उत्तर द्यावे लागत नव्हते.

शेवटचा आक्षेप असा येईल की हे सगळे मागचे झाले. आता जिल्ह्याचे नाव कुलाब्याचे रायगड झाले, उरणात कंटेनर बंदर आले, तेव्हा भट्ट्यांचा हिशेब कशाला? हिशेब अजून चुकता झालेला नाही म्हणून. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहाची फुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि नेण्यावरचे निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांत जे दार बंद झाले ते उघडायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोवर फुले साठवण्याचे, विकण्याचे, त्यांतून खाद्यपदार्थ करण्याचे कितीतरी ज्ञान घरांतून नाहीसे झाले. माडाच्या बाबतीत एवढेही घडलेले नाही. रेवदंड्याच्या वाडीतल्या बागायतदाराला नारळ विकायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच माडाची पोय छेदायची तर आजही अबकारी खात्याच्या परवान्यावाचून चालत नाही. धोरण बदलायचे असेल तर झाड मोजणे सोडून पेयाच्या कडकपणाप्रमाणे कर ठरवण्यापासून सुरुवात करता येईल. १८८० मध्ये लंडनला हे सुचले होते, आणि त्याच राज्यकर्त्यांनी ते इथे लागू केले नाही.